दाढ दुखायच्या आधी

रेडीसारख्या गावातल्या कुटुंबाला दातांचे चांगले आणि परवडणारे उपचार कुठे मिळतील? आणि ते मिळण्यासाठी घरात काय ठरवावं लागेल?

शाबानचा महिना होता. रमजानची तयारी सुरू होण्याआधी चार दिवस धाकट्या बहिणीकडे राहावं म्हणून मी रेडीला गेले होते. दुसऱ्याच रात्री दोनच्या सुमारास तिचा नऊ वर्षांचा मुलगा रडत उठला. गाल सुजला होता. बहिणीने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दिली. मुलगा काही झोपला नाही.

"आपा, दुधाची दाढ आहे. पडेल आपोआप," बहीण म्हणाली.

मी मोबाइलचा उजेड धरून पाहिलं. खालच्या जबड्यात दुधाच्या दाढांच्या मागची ती दाढ होती. दुधाची नव्हती, कायमची होती.

सकाळी आम्ही त्याला शिरोड्याच्या बाजारात एका दंतवैद्याकडे नेलं. एक्स-रे काढला. कीड नसेपर्यंत गेली होती, मुळाशी पू झाला होता आणि दाढेचा वरचा भाग इतका ठिसूळ झाला होता की वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सूज उतरल्यावर चार दिवसांनी ती काढावी लागली. डॉक्टरांनी बहिणीला एवढंच विचारलं, "काळा ठिपका पहिल्यांदा कधी दिसला होता?"

बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागच्या बकरी ईदला."

तेव्हा आली असती तर एका बैठकीत सिमेंट भरून काम झालं असतं. आता नवव्या वर्षी मुलाची कायमची दाढ गेली, आणि दोन वेळचं जाणं-येणं, रिक्षा, बहिणीच्या नवऱ्याची बुडालेली मजुरी, शाळेचे दिवस हे सगळं वेगळं. दातांचा उपचार महाग का पडतो, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. उपचार उशिरा घेतला की तो महाग होतो.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

हा घोटाळा माझ्या बहिणीच्याच घरी होतो असं नाही. दुधाचे दात २० असतात. साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ गुपचूप येते. दात पडला नाही म्हणून आई-वडिलांना ती नवी वाटतच नाही. तिच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. बिस्किट, चॉकलेट, वेफर्स त्यात अडकतात आणि कीड सर्वांत आधी तिलाच लागते. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही.

म्हणून मूल सहा वर्षांचं झालं की एकदा दंतवैद्याला दाखवून आणा. दुखत नसलं तरी न्या. खाचा खोल असतील तर त्या बुजवणारा पातळ लेप लावता येतो. त्यासाठी सुई लागत नाही की दात कोरावा लागत नाही.

दुधाच्या दातांनाही "पडणारच आहेत" म्हणून सोडून देऊ नका. ते खालच्या कायमच्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. वेळेआधी काढावे लागले तर पुढचे दात वाकडे येण्याची शक्यता वाढते. लहान बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर अगदी टाळा. पुढचे चार दात काळे पडून झिजलेली मुलं आपण पाहतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण ती बाटलीच असते.

कोणत्या दारात जायचं?

रेडी हे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याचं दक्षिण टोक. तेरेखोल खाडी ओलांडली की गोवा. त्यामुळे इथल्या माणसाला दोन राज्यांचे दरवाजे आहेत, पण कोणत्या कामासाठी कोणता हे ठाऊक नसेल तर दोन्हीकडे हेलपाटेच पडतात.

पहिला दरवाजा शाळेत आणि अंगणवाडीतच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं वैद्यकीय पथक मुलांची तपासणी करायला येतं आणि त्यात दातांचे विकारही धरलेले आहेत. पथक मुलाच्या हाती चिठ्ठी देतं, ती बऱ्याचदा दप्तरातच राहते. तपासणी झाली की त्याच दिवशी मुलाला विचारा, "चिठ्ठी दिली का?" पुढच्या सरकारी दवाखान्यात जाताना ती चिठ्ठी सोबत न्या.

दुसरा दरवाजा सरकारी रुग्णालयाचा. शिरोडा, वेंगुर्ला आणि सावंतवाडी इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पण थेट निघू नका. आधी फोन करून किंवा ओळखीच्या आशाताईंमार्फत तीन गोष्टी विचारा: दंतवैद्य सध्या आहेत का, कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत बसतात, आणि दात भरण्याचं साहित्य व एक्स-रे चालू आहे का. दात काढणं एका ठिकाणी होतं आणि भरणं होत नाही, असं पुष्कळदा घडतं. हे आधी कळलं तर वाचवता येणारी दाढ केवळ सोय नाही म्हणून काढली जात नाही.

तिसरा दरवाजा खासगी दवाखान्याचा. सिमेंट भरणं, दात साफ करणं, साधा दात काढणं अशा कामांसाठी जवळचा चांगला दवाखाना बहुतेक वेळा स्वस्तच पडतो, कारण प्रवास आणि मजुरी वाचते. दूरचा स्वस्त दर पाहून निघण्याआधी घरातल्या दोन माणसांचं भाडं आणि बुडालेला दिवस त्या दरात मिळवून पाहा.

चौथा दरवाजा बांबोळीचा. गोवा दंत महाविद्यालय आणि रुग्णालय हे सरकारी आहे. आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून पेडणे, म्हापसा करत पणजीच्या पुढे जावं लागतं, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण दर खासगीपेक्षा कमी असतात. मुलांचे दात, हिरड्या, कवळी, अडकलेली अक्कलदाढ, वाकडे दात अशा प्रत्येक कामाचा तिथे वेगळा विभाग असतो. अवघड कामासाठी आणि बऱ्याच फेऱ्या लागणाऱ्या मोठ्या कामासाठी ही जागा योग्य. मात्र खर्चाचं आधी विचारून घ्या. २०१८ मध्ये गोवा सरकारने आपल्या सरकारी रुग्णालयांत परराज्यांतल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. त्यामुळे "गोव्यात सगळं फुकट" या जुन्या ऐकीव माहितीवर निघू नका. आधारकार्ड, जुने एक्स-रे आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा.

आणखी एक गैरसमज. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं किंवा आयुष्मान कार्ड दाखवून सिमेंट किंवा रूट कॅनाल होईल असं पुष्कळांना वाटतं. या योजना रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत. अपघातात मोडलेला जबडा किंवा तोंडाचा कर्करोग अशा मोठ्या आजारांत त्यांचा आधार मिळतो. रोजच्या दातदुखीसाठी त्या नाहीत.

स्वस्त आणि चांगलं कसं ओळखायचं?

माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी काही वर्षांपूर्वी एका आठवडा बाजारात, पाटावर दात मांडून बसलेल्या माणसाकडून पुढचा दात बसवून घेतला. तासाभरात काम झालं, पैसे थोडेच लागले. त्याने नवा दात शेजारच्या दोन चांगल्या दातांना मसाल्याने चिकटवून टाकला होता. खाली अन्न साचत राहिलं, हिरडी कुजली आणि ते दोन्ही चांगले दातही हलू लागले. एकाच्या जागी तीन दात गेले.

आपल्या देशात दंतवैद्याची नोंदणी १९४८ च्या कायद्याने बंधनकारक झाली. दवाखान्यात बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला असतो. तो पाहण्यात संकोच कसला? मग विचारा: ही दाढ वाचेल का? न काढता दुसरा इलाज आहे का? एकूण किती फेऱ्या, आणि कॅप धरून एकूण खर्च किती? रूट कॅनालचा दर ऐकून लोक होकार देतात, कॅपचे पैसे वेगळे असतात हे नंतर कळतं. मग कॅप राहून जाते आणि काही महिन्यांनी दाढ फुटते. खर्च कागदावर लिहून मागा आणि हप्ते चालतील का तेही विचारा. अवजारं उकळत्या वाफेच्या यंत्रातून काढलेली आहेत ना, सुई नवी आणि हातमोजे नवे आहेत ना, हेही नजरेने पाहून घ्या.

शिकलेल्या दंतवैद्याची ही परंपरा आपल्याकडे कुणी सुरू केली, हे मुलांना जरूर सांगा. डॉ. रफीउद्दीन अहमद हे पूर्व बंगालचे. अलीगढला शिकून ते अमेरिकेत गेले, आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९२० मध्ये कलकत्त्यात भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. बारावीनंतर आपली मुलगी बीडीएसला जाते म्हणाली, तर "एवढी वर्षं कशाला" म्हणण्याआधी हे नाव आठवावं. सासूबाईंसारख्या अनेक बाया पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायला लाजतात आणि दुखणं अंगावर काढतात. गावाजवळ एक लेडी डॉक्टर असली तर केवढा फरक पडेल!

मिश्रीची डबी

आपल्या घरांतल्या जुन्या बायकांचा दिवस मिश्रीने सुरू होतो. दात स्वच्छ होतात, पोट साफ होतं असं त्या म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गुटखा आणि मावा खाणाऱ्या तरुण पोरांचं तोंड तर हळूहळू उघडायचंच बंद होतं. घरी एक तपासणी करा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर ती दुखत नसली तरी दाखवा. सुरुवातीला असे चट्टे दुखत नाहीत, म्हणूनच ते मागे पडतात.

मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष करू नये. हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. गरोदर बाईनेही "बाळंतपणानंतर बघू" म्हणू नये. मधल्या तीन महिन्यांत बरेचसे उपचार करता येतात. डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढंच.

रमजान आणि दात

"रोजे संपले की जाऊ" हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. त्यात महिना जातो, मग ईद, मग पाहुणे. दात दाखवायचाच असेल तर शाबानमध्ये उरकून घ्या. रोज्यात दुखलंच तर इफ्तारनंतरची वेळ मागा, बरेच दवाखाने रात्रीपर्यंत उघडे असतात. रोज्यात इंजेक्शन किंवा उपचार चालेल का, याबद्दल आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या, पण विचारण्याच्या निमित्ताने दुखणं लांबवू नका. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. ही सूज गळ्यापर्यंत उतरली तर जिवावर बेतते.

सहेरी उरकल्यावर अजानच्या आधी आणि रात्री झोपताना ब्रश करावा. इफ्तारला खजूर आणि गोड सरबतानंतर चूळ भरावी. मिस्वाकची सवय चांगलीच आहे, ती मुलांनाही लावा. पण लागलेली कीड मिस्वाकने भरून येत नाही, पेस्टनेही येत नाही.

मोहल्ल्याने काय करावं?

दंत शिबिरं होतात, फोटो निघतात, टूथपेस्ट वाटली जाते. कुणाला काय सांगितलं, ते पुढे झालं का, हे कुणी विचारत नाही. आपल्या जमातीने किंवा महिला बचत गटाने एक साधी वही ठेवावी. त्यात कोणाच्या कोणत्या दाताला काय करायचं आहे आणि कधी, एवढंच लिहावं. बांबोळीला जाणारी पाच-सहा माणसं झाली की एकच गाडी करावी, भाडं वाटून घ्यावं. ज्याला तेही जड जातं त्याच्यासाठी दोन पैसे बाजूला काढणारे हात आपल्या मोहल्ल्यात असतातच, फक्त त्यांना कळायला हवं. ही वही सर्व शेजाऱ्यांसाठी खुली असावी. दाताचं दुखणं घर पाहून येत नाही.

परवा बहिणीचा फोन आला होता. भाच्याच्या उरलेल्या तीन दाढांना लेप लावून झाला. त्याच बैठकीत तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्याही दाढा तपासून घेतल्या. एकीवर बारीक काळा ठिपका निघाला.

"दुखत नव्हतं तिला, आपा," बहीण म्हणाली. "पण लगेच भरून घेतला."