जाड ऑइलनं बेअरिंग बरं होत नाही

गिअरबॉक्समधून घरघर येऊ लागली की सल्ला ठरलेला: "काही नाही हो, ऑइल पातळ पडतंय. नव्वदऐवजी एकशेचाळीस नंबर टाका, आवाज बंद!" आणि आवाज खरंच कमी होतो. म्हणून तर हा सल्ला मरत नाही.

बेअरिंगच्या गोळ्या ज्या पोलादी खोबणीतून धावतात, तिच्या पृष्ठभागाखाली सततच्या भारानं बारीक भेगा पडतात आणि कालांतरानं वरचे टवके उडतात. त्या खड्ड्यांवरून गोळी आदळत जाते, तीच घरघर. जाड ऑइलचा थर आदळणं थोडं मुकं करतो. खड्डा भरत नाही. उडालेला पोलादाचा चुरा मात्र त्याच ऑइलमधून बाकीच्या बेअरिंगांत आणि दातांत फिरत राहतो. जुन्या गाड्या विकणारे लबाड लोक गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालत, तो याच जातीचा उपाय. रोआल्ड डाल यांच्या 'माटिल्डा'त (१९८८) नायिकेचा बाप हाच धंदा करतो. त्याचं गिऱ्हाईक निदान परकं तरी असतं. इथे फसवणारे आपण आणि फसणारेही आपणच!

शिवाय नवं दुखणं मागे लागतं. गिअर पडताना दोन वेग जुळवून घेणारी पितळी सिंक्रो रिंग जाड ऑइल नीट कापू शकत नाही, मग थंडीतल्या सकाळी दुसरा गिअर अडतो आणि दोष क्लचला दिला जातो. गाडीच्या पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० लिहिलं असेल, तर ते गंमत म्हणून लिहिलेलं नाही. 'जीएल-५ दर्जाचं ऑइल म्हणजे जीएल-४पेक्षा भारी' हा समजही तसाच: जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, आणि त्यातली काही ऑइलं पितळ खातात.

आवाज आला म्हणजे गिअरबॉक्सच गेला, असंही नाही. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता, तर संशय आतल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवावा लागतोच, पण उघडावा लागत नाही.

आता घरच्या दुरुस्तीबद्दल. "हातोडा आणि पाइपचा तुकडा पुरे" म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: पाइप कुठल्या रिंगवर टेकवलास? शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग आतल्या रिंगवरच दाबायचं, केसिंगमध्ये घट्ट बसणारं बाहेरच्या. उलट केलंत तर सगळा मार गोळ्यांतून जातो, खोबणीत खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. मग 'माल डुप्लिकेट होता' म्हणून दुकानदाराशी भांडण. (डुप्लिकेट माल बाजारात असतोच, त्यामुळे खोक्याची छपाई पाहून विश्वास ठेवू नका, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.) गोळ्यांवर जोर देऊन पुलरनं काढलेलं बेअरिंग 'अजून चांगलं दिसतंय' म्हणून परत बसवायचं नाही.

तापवून बसवणं योग्य, पण गॅसच्या ज्योतीवर नव्हे. २५ मिमी छिद्राचं बेअरिंग ९० अंशांनी तापवलं की छिद्र जेमतेम ०.०२७ मिमी वाढतं. एवढं बहुधा पुरतं. बेअरिंग १२५ अंश सेल्सिअसच्या वर तापवू नका, असं बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. ज्योतीला ही मर्यादा कळत नाही, पोलादाची घडण बिघडते.

नंबर जुळला म्हणजे झालं? नाही. ६३०५ आणि ६३०५ सी३ मापानं एकच, पण सी३मध्ये आतली फट जास्त ठेवलेली असते. जुन्यावरची शेपटाची अक्षरंही वाचा.

तर, घरी जमतं का? नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली न शिरता, पक्क्या स्टँडवर गिअरबॉक्स उतरवता येत असेल, तर साधी बॉल बेअरिंगं जमतात. प्रेस नसेल तर शाफ्ट आणि नवं बेअरिंग घेऊन लेथवाल्याकडे जा, त्याचं ते रोजचं काम आहे. केसिंग धुऊन सगळा चुरा काढा, ऑइल सील नवे घाला, ऑइल पुस्तिकेतलंच भरा. डिफरन्शियलच्या टेपर बेअरिंगांना मात्र हात लावू नका. त्यांचा प्रीलोड शिमनं मोजूनमापून जुळवावा लागतो, आणि तो अंदाजानं जुळत नाही.