आयडीई की साटा?

संगणकाच्या पेटीत : भाग १७

गेल्या आठवड्यात हार्ड डिस्क पाहिली. आज तिच्या वरच्या खणातला सोबती, सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह. नव्या कॅबिनेटांत त्याच्यासाठी खणच नसतो, पण घरोघरच्या कपाटांत लग्नाच्या सीड्या, मुंजीचे शूटिंग आणि जुन्या लेखा-सॉफ्टवेअरच्या डिस्का अजून पडून आहेत. त्या उतरवून घ्यायच्या म्हणून माणूस लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जातो. तिथे दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, "आयडीई पाहिजे की साटा?" म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची वायर जुन्या पद्धतीची की नव्या. यावर गिऱ्हाइकाचे ठरलेले उत्तर असते, "जो फास्ट असेल तो द्या."

वेगावरून निवड करायला गेलात की फसलात. सीडीचा मूळ वेग, म्हणजे एक एक्स, सेकंदाला १५० किलोबाइट. ५२ एक्सचा ड्राइव्ह पूर्ण जोरात असताना सेकंदाला पावणेआठ मेगाबाइटच्या आसपास वाचतो. डीव्हीडीचा एक एक्स १,३८५ किलोबाइटचा, म्हणून १६ एक्सला साधारण २२ मेगाबाइट होतात. हा वेगही डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो. आतल्या भागात तो निम्म्याहून कमी असतो. ५२ एक्सला सीडी मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेते. त्यापुढे प्लास्टिक फुटण्याची भीती, म्हणून कंपन्या साधारण तिथेच थांबल्या.

आता वायरींची क्षमता पाहा. आयडीईची जुनी अल्ट्रा डीएमए ३३ पद्धत सेकंदाला ३३ मेगाबाइट नेते, नंतरची ६६ नेते. २००३ साली आलेल्या पहिल्या साटाची क्षमता १५० मेगाबाइट, पुढच्या पिढ्यांची ३०० आणि ६००. नळाची तोटी अर्ध्या इंचाची असेल तर मागे चार इंची पाईप टाकून बादली लवकर भरत नाही. इथे तोटी म्हणजे फिरणारी डिस्क. तेव्हा ड्राइव्ह साटा आहे म्हणून सीडी लवकर उतरेल असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावे. ओरखडे पडलेली डिस्क वाचली जाणे न जाणे हे तर सगळे लेझरवर आणि ड्राइव्हच्या आतल्या दुरुस्तीच्या हुशारीवर असते.

मग ठरवायचे कशावरून? मदरबोर्डवरून. कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डावर कोणती खाच रिकामी आहे ते बघायचे. ४० पिनांची लांबट खाच आयडीईची, इंग्रजी एलच्या आकाराची सात पिनांची चिमुकली खाच साटाची. इंटेलच्या बोर्डांवर हा बदल टप्प्याटप्प्याने झालेला दिसतो. २००३ च्या ८६५ चिपसेटच्या बोर्डावर आयडीईच्या दोन खाचा आणि साटाच्या दोन. पुढच्या वर्षीच्या ९१५ वर आयडीईची एकच उरली, साटाच्या चार झाल्या. २००६ च्या ९६५ पासून इंटेलने आपल्या चिपमधून आयडीई काढूनच टाकली. बोर्ड बनवणाऱ्यांनी मग जेमायक्रॉनसारख्या कंपन्यांची वेगळी चिप बसवून एक खाच कशीबशी राखली. या चिपवरून सीडीने संगणक सुरू करताना आणि विंडोज टाकताना बरेच जण हैराण झाले. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसींची गोष्ट थोडी निराळी. स्वस्त म्हणून इथे खूप खपलेल्या जी३१ आणि जी४१ बोर्डांवर इंटेलची आधीचीच चिप होती, त्यामुळे ९६५ नंतर कितीतरी वर्षे आपल्या घरांत आयडीईची एक खाच टिकून राहिली.

तुमचा बोर्ड यांपैकी पहिल्या प्रकारचा, म्हणजे पेंटियम ४ च्या काळातला असेल, तर आयडीई ड्राइव्हच घ्या. खाच साटाची दिसते खरी, पण ती मुख्यतः हार्ड डिस्कसाठी केलेली होती. सीडी ड्राइव्हला हुकूम द्यायची रीत वेगळी. ते हुकूम एटापी नावाच्या पाकिटात बांधून जातात, आणि सुरुवातीच्या काही साटा कंट्रोलरांना ही पाकिटे नीट हाताळता येत नव्हती. २००४ मध्ये प्लेक्स्टरने पहिला साटा डीव्हीडी रायटर, पीएक्स-७१२एसए, बाजारात आणला तेव्हा घेणाऱ्याला आधी आपल्या बोर्डाची चिप त्याच्याशी जमते का ते पाहावे लागे.

जी३१सारखा, दोन्ही खाचा असलेला बोर्ड असेल तर मी डोळे मिटून साटा घेईन. कारण वेगाचे नाही, कटकटीचे आहे. आयडीईच्या एका केबलवर दोन उपकरणे बसतात, म्हणून मागच्या जंपरने एक मास्टर आणि एक स्लेव्ह ठरवावे लागते. दोन्ही मास्टर झाले की एक गायब होते, कधी दोन्ही. केबल अठरा इंचांपेक्षा लांब चालत नाही, आणि ती रुंद पट्टी कॅबिनेटमधल्या हवेच्या वाटेत आडवी येते. साटाला एका केबलवर एकच उपकरण, जंपर नाही, केबल एक मीटरपर्यंत चालते. तिचा एक दोष मात्र आहे, ती पटकन निसटते. धातूची खिट्टी असलेली केबल चार पैसे जास्त देऊन घ्यावी आणि उगीच काढघाल करू नये. तिचे तोंड सुमारे पन्नास वेळा काढण्या-घालण्याच्याच हिशेबाने बनवलेले असते.

घरात आधीच आयडीई ड्राइव्ह असेल आणि तो अचानक कासवगतीने चालू लागला असेल, तर तो टाकून देण्याआधी एक गोष्ट तपासा. विंडोज एक्सपीला आयडीईवर डेटा नेताना चुका आढळल्या की ती त्या मोजत बसते. सहा झाल्या की वेगाची एक पायरी उतरवते, आणि असे करत शेवटी पीआयओ या सर्वात जुन्या पद्धतीवर येऊन थांबते. त्या पद्धतीत बाइट न् बाइट प्रोसेसरला हातांनी उचलावा लागतो, म्हणून डीव्हीडीवर सिनेमा अडखळतो, माउसचा बाणही अडखळतो, आणि दुकानदार सांगतो, "ड्राइव्ह गेला." एखादी ओरखडलेली डिस्क किंवा सैल केबल एवढे निमित्त पुरते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेल उघडून अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पाहा. तिथे पीआयओ दिसले तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज चॅनेल नव्याने ओळखते आणि मोजणी शून्यावर येते. केबलही बदलाच, ८० तारांची घ्या. तिचे निळे टोक बोर्डाला, काळे मास्टरला, राखाडी स्लेव्हला लागते. लाल कड बहुधा ड्राइव्हच्या पॉवरच्या बाजूला येते.

नवीन बोर्ड असेल तर प्रश्नच मिटला, साटा. फक्त एसएमपीएस पाहून घ्या. जुन्या एसएमपीएसला चार पिनांचे मोलेक्सच असतात, साटा ड्राइव्हला १५ पिनांचा चपटा पॉवर कनेक्टर लागतो. मधला जोड दुकानात मिळतो, पण एका तुकड्यात ओतलेल्या प्लास्टिकचा स्वस्त जोड घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना चिकटून त्याने पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. साटाला आयडीई खाचेत बसवणारी छोटी पाटीही विकतात. तिच्या दोन दिशा असतात, उलट दिशेची आणलीत तर ती काहीच करत नाही. सुलट असली तरी तिच्यावरून संगणक सुरू होईलच याची खात्री नाही. मी तिच्या वाटेला जात नाही.

खण नाही, फक्त सीड्या उतरवायच्या आहेत, अशांनी सरळ यूएसबीचा पातळ ड्राइव्ह घ्यावा. यूएसबी २.० ची वाटही डीव्हीडीच्या वेगाला पुरून उरते. जुना मोठा आयडीई ड्राइव्ह यूएसबीवर चालवायचा असेल तर जोडासोबत वेगळा अॅडॅप्टर लागेल, कारण त्याला १२ व्होल्टही हवे असतात आणि यूएसबीवर पाचच मिळतात. लॅपटॉपचा ड्राइव्ह बदलणाऱ्यांनी जुना काढून हातात घेऊनच दुकानात जावे. आयडीईचे ५० पिनी तोंड आणि साटाचे १३ पिनी तोंड शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो, पण जाडी १२.७ मिलिमीटर की ९.५ हे डोळ्यांनी ओळखताना चूक होते. पट्टी लावून मोजा.

जुन्या बाजारातून ड्राइव्ह घेताना आपल्यासोबत दोन डिस्का न्याव्यात, एक छापील आणि एक घरी बर्न केलेली. छापील डिस्क अशक्त लेझरही वाचतो, घरच्या डिस्कवर तो अडतो. आणि ट्रे चार-पाच वेळा उघडून बघावा. आतला रबरी पट्टा काही वर्षांनी कडक होतो, मग बटण दाबले की आवाज येतो पण ट्रे बाहेर येत नाही. तसे झाले तर भाव पाडा, पट्टा काही रुपयांत बदलता येतो. लेझर गेला असेल तर फुकटही नको.