पाणीवाल्या बाईंची आमदारकी

आमदार म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय डोळ्यांपुढे काय उभे राहते? गळ्यात हार, कपाळी गुलाल, मागे चारदोन कार्यकर्ते, आणि सोसायटीच्या सत्यनारायणाला पाच मिनिटे टेकून, प्रसादाची पुडी सहायकाच्या हाती देऊन पुढच्या पूजेला निघालेली मूर्ती! एरवी आपण राजकारणाच्या नावाने नाके मुरडणारे लोक. परंतु इस्पितळात खाट मिळेना, बदलीचा हुकूम फिरवून हवा आहे, कॉलेजातला प्रवेश अडला आहे, असा काही प्रसंग आला की घरात पहिला प्रश्न निघतो तो, ‘आमदारांकडे कुणाची ओळख आहे का हो?’ मग मामेभावाच्या साडूपर्यंत नातेवाइकांची उजळणी होते आणि अखेर चिठ्ठी मिळते. चिठ्ठीने काम झाले तर आमदार चांगला. न झाले तर सगळेच मेले एका माळेचे मणी!

या चिठ्ठीला मी नावे ठेवणार नाही. ज्या विधवेचे निवृत्तिवेतन दोन वर्षे कुठल्याशा टेबलावर धूळ खात पडले आहे, तिला त्या कागदाचे मोल विचारा. तरीही एक शंका राहतेच. ज्याला ओळख नाही, त्याने काय करावयाचे? आणि चिठ्ठी ज्याच्या कामाला आली, त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा नंबर एकाने मागे गेला, त्याचे काय?

या शंकेचे उत्तर एका बाईंनी आयुष्यभर आपल्या कामाने दिले. मुंबईकर त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्या म्हणजे गोरेगावच्या मृणाल गोरे.

आजचे गोरेगाव पाहणाऱ्याला त्या वेळचे गोरेगाव डोळ्यांपुढे आणणे कठीण जाईल. उत्तरेकडची ही उपनगरे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५७ साली. त्या हद्दवाढीने कराची बिले लगोलग आली. पाणी मात्र येता येता दमले. मुंबईला पाणी पुरवणारे विहार आणि तुळशी तलाव उत्तरेच्या डोंगरांतच. तानसा व वैतरणा येथून येणारे मोठाले नळही उपनगरे ओलांडूनच शहरात उतरतात. पण दाराशेजारून नळ जातो म्हणून घरात पाणी येते असे थोडेच आहे! बायका पहाटे तीनला उठून हंडे रांगेत लावीत. ज्या घरात बाई आजारी, त्या घरी त्या दिवशी पाणी नाही. हा हिशेब कुठल्याही अहवालात नसे, पण तो प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक होता.

मृणालताई मूळच्या मोहिले. वैद्यकीचे शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात पडल्या. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी लग्न केले, तेही जातीबाहेर आणि त्या काळात. दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड थाटले आणि कामही तिथेच मांडले. मृणालताईंनी महिला मंडळ चालविले, कुटुंबनियोजनाचे केंद्र चालविले. त्या काळी ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द बायकांच्या बैठकीत उच्चारणे हे धाडसाचेच होते. १९५८ साली केशवराव गेले. पदरी लहान मुलगी. कोणत्याही बाईने अशा वेळी सार्वजनिक कामाला नमस्कार केला असता तर कुणी बोल लावला नसता. तीन वर्षांनी, १९६१ साली, मृणालताई महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून आल्या.

आता पाण्याचा प्रश्न महापालिकेत मांडला की उत्तर काय मिळे? मोठे सोयीचे उत्तर होते ते. चाळकऱ्याला सांगावयाचे की, नळाला दाब नाही. आणि झोपडपट्टीला सांगावयाचे की, तुमची वस्तीच अनधिकृत. अनधिकृत माणसाला नळ दिला तर तो अधिकृत ठरेल, म्हणून नळ नाही! जणू तहान लागण्यापूर्वी माणसाने जागेचा उतारा दाखवावयास हवा. ही माणसे कोण होती? आपल्या गिरण्यांत, कारखान्यांत, बांधकामांवर आणि आपल्या घरांत सकाळी भांडी घासावयास येणारी. त्यांच्या हातचे घासलेले भांडे आपल्याला चाले, त्यांच्या वस्तीला नळ मात्र नियमात बसत नसे.

मृणालताईंनी केले ते एवढेच की, हा प्रश्न ज्यांचा होता त्यांनाच त्या बरोबर घेऊन निघाल्या. रिकामे हंडे डोक्यावर घेतलेल्या बायकांचा मोर्चा महापालिकेच्या दारात उभा राहिला म्हणजे फाइलीतल्या ‘अपुऱ्या दाबा’ला एकदम चेहरा येई. नगरसेविकेने एकटीने जाऊन इंजिनियरसाहेबांना गोड बोलून दोन नळ मिळविले असते, तर ते नळ ‘बाईंनी दिलेले’ झाले असते. मोर्चाने मिळविलेला नळ त्या वस्तीचा झाला. पुढे तो बंद पडला तर भांडावे कसे, हेही त्या बायकांना एव्हाना कळले होते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या लोकसेवेची किल्ली इथे आहे. ‘पाणीवाली बाई’ हे नाव कुणा पत्रकाराच्या लेखणीतून आले की नळावरच्या रांगेतून, हा वाद हवा त्याने घालावा. नाव चिकटले ते कायमचे.

पण महापालिकेत एक भिंत लागते. जमीन कुणाची, झोपडी तोडावयाची की राहू द्यावयाची, रेशनवर धान्य किती, रॉकेल किती, हे सारे ठरते राज्य सरकारात. महापालिका हात वर करून म्हणते, ‘धोरण वरचे आहे.’ त्या ‘वर’ जाण्यासाठी विधानसभा. १९७२ साली मृणालताई प्रचंड मताधिक्याने आमदार झाल्या. आदल्याच वर्षी झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला होता. वस्त्या नुसत्या पाडून भागत नाही, तिथे नळ, संडास, गटारे आणि दिवे द्यावे लागतात, हे सरकारला तत्त्वतः पटू लागले होते. तत्त्वतः पटणे आणि प्रत्यक्ष नळ येणे, या दोहोंच्या मध्ये आमदाराचे काम असते.

आमदार सभागृहात काय करतो, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. आपल्याला दिसते ती आरडाओरड आणि सभात्याग. पण सभागृहाच्या कामकाजात काही अगदी साधी, घरगुती वापराची हत्यारे असतात. तारांकित प्रश्न घ्या. सदस्याने प्रश्न विचारला, मंत्र्याने उत्तर दिले, त्यावर लगेच उपप्रश्न सुरू. मंत्र्याच्या तोंडून ‘चौकशी करू’, ‘सहा महिन्यांत पूर्ण करू’ असे काही निघाले की ते हवेत विरत नाही. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समितीच असते. लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय ठराव ही याच पेटीतली आणखी काही हत्यारे. चिठ्ठीने एका राधाबाईचे रेशनकार्ड होते. त्याच राधाबाईची तक्रार तारांकित प्रश्न होऊन छापली गेली, तर तिला न ओळखणाऱ्या हजार बायकांची कार्डे हलतात. शिवाय उत्तर छापील, म्हणजे मंत्री उद्या ‘मी असे बोललोच नाही’ म्हणावयास मोकळे नाहीत.

मात्र आतले हत्यार चालावयाचे तर बाहेरून रेटा लागतो. १९७२ चे ते वर्ष आठवणारी माणसे अजून आहेत. राज्यभर दुष्काळ, बाजारात धान्य नाही, तेल नाही, साखर नाही आणि स्टोव्हला रॉकेल नाही. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका समितीत आल्या. पक्षांचे पुरुष पुढारी एकमेकांची तोंडे पाहत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट! त्यांनी मोर्चाला हत्यार निवडले तेही स्वयंपाकघरातले, लाटणे. आणि ज्यांना मोर्चाला येणे जमत नव्हते, त्यांनी ठरल्या वेळी आपापल्या घरातून थाळी वाजवावयाची. दादर-गिरगावच्या चाळींतल्या ज्या सासुरवाशिणींनी कधी रस्त्यावर घोषणा दिली नव्हती, त्यांनीही गॅलरीत येऊन थाळ्या बडविल्या. राजकारण म्हणजे पुरुषांनी ओसरीवर बसून करावयाची गोष्ट, ही समजूत त्या थाळ्यांनी पुष्कळ हलविली.

आणीबाणीत काही महिने भूमिगत राहून, मग तुरुंगवास भोगून मृणालताई १९७७ साली लोकसभेवर गेल्या. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत हरल्या आणि मुंबईत घोषणा फिरली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ घोषणा झकास खरी. परंतु त्यांचे काम दिल्लीपेक्षा इथेच अधिक शोभले असे मला वाटते. १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या.

या दुसऱ्या खेपेतली एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या घरांनी मान खाली घालून वाचण्यासारखी आहे. त्या वर्षांत मुंबईत गर्भजल तपासून मूल मुलगा की मुलगी हे सांगणारी दुकाने निघाली होती. दवाखाने म्हणवत नाही. आज थोडे रुपये खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या त्यांच्या जाहिराती उघड झळकत. गिऱ्हाईक कोण? झोपडीतली बाई नव्हे. फी परवडणारे, शिकलेले, लोकलच्या पहिल्या वर्गातून जाणारे कुटुंब. इथे कुणी मोर्चा घेऊन आमदाराच्या दारी येणार नव्हते, कारण जिच्यावर अन्याय व्हावयाचा ती जन्मालाच येत नव्हती. तक्रारदाराशिवायची तक्रार! स्त्रीसंघटना आणि काही डॉक्टर याविरुद्ध आवाज उठवीत होते. मृणालताईंनी १९८६ साली यावर अशासकीय विधेयक आणले. अशी विधेयके बहुधा मंजूर होत नाहीत. त्यांचा उपयोग सरकारला प्रश्नासमोर बसविण्याचा असतो. इथे तसेच झाले. १९८८ साली राज्य सरकारने स्वतःच कायदा केला. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला तो पहिला कायदा. केंद्राला असा कायदा करावयास १९९४ साल उजाडले. कायद्याने सगळ्यांची मने पालटली असे कुणी म्हणणार नाही, पण जाहिरातीची पाटी उतरली.

दुसरे काम विटांचे. शहरातील एकेका धन्याकडे किती मोकळी जमीन असावी यावर १९७६ च्या कायद्याने मर्यादा घातली. मुंबईत ती पाचशे चौरस मीटर होती. वरची जमीन सरकारने घ्यावी आणि तिच्यावर गरिबांची घरे व्हावीत, असा हेतू. प्रत्यक्षात सवलतीची कलमे एवढी की जमीन सरकारकडे येण्याऐवजी कागदांवरच फिरत राहिली. मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत यांनी ‘नागरी निवारा परिषद’ उभारली आणि कायद्यात लिहिले आहे तेवढेच द्या, असा हट्ट धरला. सरकार, जमीनमालक आणि न्यायालये यांत वर्षे गेली. पण गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या उतारावर सहा हजारांहून अधिक लहान, बेताच्या किमतीची घरे उभी राहिली. कारकून, कामगार, परिचारिका, शिक्षक अशा मिळकतीची माणसे, ज्यांना एरवी थेट विरार किंवा बदलापूर गाठावे लागले असते, ती मुंबईत राहिली. तो जमीनमर्यादेचा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द करून टाकला. म्हणजे जे झाले ते झाले. पुन्हा तसे मागावयास आज कलमच उरलेले नाही.

हल्ली आमदाराच्या हाती निधी असतो. २०२२ च्या अर्थसंकल्पात तो वर्षाला पाच कोटींवर नेण्यात आला. हा पैसा त्याच्या खिशात जात नाही; त्याने काम सुचवावयाचे आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्याने द्यावयाची. गटार, समाजमंदिर, बाके आणि त्या बाकांवर ठळक अक्षरांत आमदारांचे नाव! काम होते हे खरे. पण पाच कोटींत काय बसते हे पाहण्याच्या नादात, पाच कोटींत न बसणारे काय, हा प्रश्न मागे पडतो. दाखल्यांसाठी २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठराविक मुदतीत दाखला न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. तरीही आपण आधी ओळख शोधतो, कायदा नंतर आठवतो.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. गोरेगावात आता त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे आणि त्यांच्या पतीच्या स्मारक ट्रस्टचे काम चालू आहे. अडचणीतल्या स्त्रियांसाठी ‘स्वाधार’ आहे. अनधिकृत वस्तीला नळ द्यावा की नाही, हा १९६१ चा प्रश्न मात्र त्यांच्या मागेही कोर्टात उभा होता. अमुक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी नाही, असे शासनाचे धोरण होते. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यातला माणूस त्याला मुकत नाही. महापालिकेला ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर करावयास मग २०२२ साल लागले. नळासाठी अर्ज मात्र अजूनही वस्तीतल्या माणसांनाच करावा लागतो, आणि रहिवासाचे कागद जोडावे लागतात.