मारुतीची उडी आणि सुपरमॅनचा फर्लांग

पराक्रमाच्या गोष्टीत लहान मुलाला बळापेक्षा नियमांचे कुतूहल अधिक असते. वीर किती लांब उडतो, कशाने थकतो, पडला तर त्याला लागते काय, याची उलटतपासणी ते वकिलाच्या चिकाटीने करते. वडील माणसे हसून सोडून देतात. परंतु कधी कधी मुलाचे हातपाय त्या उत्तरावरच अवलंबून असतात.

यवतमाळ जिल्ह्यातील महागावी एखाद्या शेतकऱ्याच्या घरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पाच वर्षांचे चिरंजीव बापाचा दुपट्टा गळ्याशी बांधून जिन्याच्या सातव्या पायरीवर उभे आहेत.

"बाबा, सुपरमॅन किती लांब उडतो?"

बाप माहितगार निघाला. १९३८ साली अमेरिकेत सुपरमॅन प्रथम छापला गेला तेव्हा त्याला उडता येत नसे. तो नुसती उडी मारी, आणि तीही अष्टमांश मैलाची, म्हणजे बरोबर एक फर्लांग. आकाशगमनाची विद्या त्याला मागाहून लाभली.

"एकच फर्लांग? मारुती तर शंभर योजनं गेला!"

"गेला खरा."

"मग मारुतीनंच शिकवलं असेल त्याला. बाबा, मारुतीला जांबवंतानं शक्तीची आठवण दिली ना? तुम्ही जांबवंत व्हा. मला आठवण द्या, म्हणजे मी उडतो."

येथे 'उतर खाली' असे ओरडून भागत नाही. बाप शेतात गेल्यावर तोच प्रयोग पुन्हा होणार. दूरदर्शनवर १९९७ साली 'शक्तिमान' सुरू झाल्यानंतर मुलांनी अनुकरणापायी इजा करून घेतल्याची वृत्ते आली. त्यांच्या खरेपणाविषयी वाद झाला, तरी आईबापांची धास्ती खोटी नव्हती. अशा वेळी गोष्टीबाहेर न पडता गोष्टीतलाच नियम शोधावा. आपल्या पुराणकथांत तो बहुधा सापडतो, कारण त्यांतल्या थोर वीरांनाही मार चुकलेला नाही.

"मारुतीनं पहिली उडी कशाला मारली?"

"सूर्य खायला. फळ वाटलं त्याला."

"मग इंद्रानं वज्र हाणलं, हनुवटी मोडली. हनु म्हणजे तीच. हनुमान नाव त्यावरूनच पडलं."

चिरंजीवांनी स्वतःची हनुवटी चाचपून पाहिली. "मोडली? खरंच?"

"हाव. आणि त्याचा बाप तर साक्षात वारा. तुझा बाप कापूस पिकवतो."

क्षणभर विचार झाला.

"मग खाली कापूस टाका ना!"

बापाने वेचणी होईपर्यंत मुदत मागितली. किती कापूस लागेल, याची घासाघीस चालू असता चिरंजीव एकेक पायरी उतरत त्याच्या खांद्यापर्यंत आले होते.