निऑनच्या नळीपासून एलईडीच्या पट्टीपर्यंत

व्यापारी पाट्यांच्या इतिहासात निऑनच्या दिव्याला वेगळे स्थान आहे, कारण त्याने प्रकाशालाच अक्षराचा आकार दिला. त्यापूर्वी रंगवलेल्या फलकावर बाहेरून उजेड टाकावा लागे किंवा विजेचे सुटे बल्ब ओळीने बसवून नाव जुळवावे लागे.

निऑन हा इतर मूलद्रव्यांशी सहसा संयोग न पावणारा, म्हणजे निष्क्रिय वायू असून हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण जेमतेम १८ भाग आहे. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडन येथे त्याचा शोध लावला. पुढे फ्रेंच अभियंता जॉर्ज क्लॉद यांच्या हवा द्रवरूप करण्याच्या उद्योगात हा वायू उपपदार्थ म्हणून हाती येऊ लागला, तेव्हा त्यांनी तो काचेच्या नळ्यांत भरून डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याचा तांबूस प्रकाश लोकांना दाखवला. या धंद्याचा खरा पाया मात्र त्यांनी सुधारलेल्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या विद्युतअग्रांनी घातला. त्यांचे अमेरिकी पेटंट १९१५ चे आहे.

अशी पाटी घडवताना कारागीर काचेची नळी ज्योतीवर मऊ करून आराखड्याबरहुकूम वाकवतो, तिच्या दोन्ही टोकांना विद्युतअग्रे जोडतो, आतील हवा काढून घेतो आणि अत्यल्प दाबाने वायू भरतो. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टचा दाब दिला की वायूचे अणू उत्तेजित होऊन उजळतात. शुद्ध निऑन नारिंगी-लाल प्रकाश देतो, निळ्यासाठी आर्गॉन व पारा वापरतात, तर इतर छटा नळीच्या आतील लेपाने किंवा रंगीत काचेने साधतात. नळी अखंड असल्यामुळे दोन अक्षरांमधला जोडभाग काळ्या रंगाने झाकावा लागतो. देवनागरीत शिरोरेषा, वेलांट्या व जोडाक्षरे यांमुळे हे काम अधिकच गुंतागुंतीचे होते.

महाराष्ट्रात या कलेला अनुकूल भूमी मुंबईच होती. तेथे १९०५ पासून संघटित वीजपुरवठा सुरू झाला होता, १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत पोहोचली होती, आणि रीगल (१९३३), इरॉस व मेट्रो (दोन्ही १९३८) यांसारख्या आर्ट डेको शैलीच्या चित्रपटगृहांना रात्रीही दुरून ओळखू येणाऱ्या उजळ नावांची गरज होती. उलट बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावाच्या बाजारपेठेत उच्च दाबाची जोडणी, नाजूक काच आणि दुरुस्तीसाठी लागणारा निष्णात कारागीर या तिन्ही अटी जुळणे अवघड असल्याने रंगाऱ्याच्या हातची पाटीच व्यवहार्य होती.

हे अंतर एलईडीने, म्हणजे वीज वाहताना प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक दिव्याने, मिटवले. १९९० च्या दशकात तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला आणि त्यामुळे पांढरा प्रकाशही शक्य झाला. या कामगिरीला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज निऑन नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक लवचिक पट्ट्यांत निऑनचा अंशही नसतो. त्या बारा किंवा चोवीस व्होल्टवर चालतात, कापून जोडता येतात आणि पडल्या तरी फुटत नाहीत. दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी नाव ठळक असावे, असा राज्याचा २०२२ चा कायदा आहे. तो पाळण्यासाठी उजळ अक्षरांची पाटी हवी असली तरी आता काच वाकवणारा कारागीर शोधावा लागत नाही. मात्र ज्याच्या कौशल्यावर हा व्यवसाय उभा राहिला, त्या कारागिराचे कामही याच सोयीने हिरावले.