धोब्याची फेरी

दिवाळीच्या आसपास एके सकाळी मोरीच्या सांडपाण्यापाशी तो उभा दिसतो. राखाडी पाठ, पांढरं तोंड, छातीवर काळी चंद्रकोर आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारी शेपटी. पांढरा धोबी, काही जण परीट म्हणतात. वजन जेमतेम 20-25 ग्रॅम, आणि आलेला असतो हिमालयाच्या बाजूने, कुणी कुणी तर थेट पश्चिम सायबेरियातून. त्या सायबेरियातल्या उपजातीचं शास्त्रीय नाव मात्र ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनची! कर्नल साइक्सने 1832 मध्ये ते ठेवलं. साहेबाला पक्षी हिवाळ्यात भेटला, त्याने पत्ता भाड्याच्या घराचा लिहिला.

ओट्यावर चहा घेत तासभर बघितलं की त्याची वाट कळते. मोरी, गोठा, उकिरडा, हौदाचा कठडा आणि पुन्हा मोरी. या फेऱ्यांचा हिशेब निक डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात ऑक्सफर्डजवळ, टेम्सच्या काठी मांडला. तिथला धोबी हिवाळ्यात काठाचा एक पट्टा स्वतःचा म्हणून राखतो. नदी किडे काठाला आणून टाकते, हा ते टिपत जातो. साधारण 40 मिनिटांनी फेरी पुरी होते, तोवर सुरुवातीच्या जागी नवे किडे लागलेले असतात. मधल्या वेळात दुसऱ्याने ते उचलले, तर याची फेरी फुकट. म्हणून तर एवढी भांडणं; मोटरसायकलच्या आरशातल्या स्वतःलाही तो सोडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. किडे मुबलक असले की हाच भांडखोर एका पोटभाडेकरूला राहू देतो. तो वाटा खातो खरा, पण घुसखोरांना हुसकायला मदतही करतो. किडे आटले की त्याचंच बिऱ्हाड आधी हलवलं जातं.

आमच्याकडे नदी नाही, शेणाचा खड्डा आहे. गेल्या जानेवारीत तो उपसला तेव्हा माशा घोंघावू लागल्या आणि अंगणात दोन धोबी दिसू लागले. आठवड्याभरात शेण वाळलं. मग पुन्हा एकटाच.

मार्चमध्ये त्याच्या पांढऱ्या गळ्यावर काळी पिसं येतात. हा लग्नाचा पोशाख, लग्न मात्र उत्तरेला. एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी मोरीवर नुसत्या साळुंक्या असतात.