हप्ता चुकला म्हणून बाई वाया जात नाही

ताईंनो, हप्ता चुकला की आपण बैठकच टाळतो ना? “मी कामाचीच नाही,” असं मनात येतं. मनाच्या या खोड्या असोद्याच्या लेकीने, बहिणाबाईंनी कधीच ओळखल्या होत्या.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांनी याच खोडीवरचा उपाय महाराष्ट्रात रुजवला: विवेकनिष्ठ मानसोपचार. ही पद्धत अमेरिकेच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडली. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली.

पद्धत साधी आहे. घटना: हप्ता चुकला. विचार: “चुकायलाच नको होता, मी वाया गेले.” भावना: लाज. लाज हप्त्याने नाही, विचाराने आली. म्हणून विचाराला विचारा, पुरावा काय? आधीचे भरलेले हप्ते कुठे गेले? मग म्हणा, “चुकला नसता तर बरं होतं, पण चुकला. मार्ग काढू.”

पैशांची अडचण खरीच, ती विचाराने जात नाही. पण बैठकीला आलात तर मुदत मागता येते.

मन फारच जड झालं, झोप उडाली, तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे.